चांगली इमारत मागतं कोण?

कॅनडातल्या मोठ्या वास्तुरचनाकारांची यादी करायला बसलं की नावं भराभर सुचतात. व्हँकुव्हरचे आर्थर एरिक्सन, टोरांटोचे रेमंड मोरियामा, मॉन्ट्रियलला शिकून पुढे जगभर कामं केलेले मोशे सफदी, अल्बर्टाचे डग्लस कार्डिनल. फ्रँक गेरी जन्मानं टोरांटोचे, पण घडले आणि गाजले अमेरिकेत, म्हणून त्यांना इथे बाजूला ठेवतो. यादी योग्यच आहे. तरी ती वाचताना दर वेळी वाटतं, की यातल्या प्रत्येक नावाशेजारी आणखी एक नाव लिहायला हवं: ते काम ज्यानं सांगितलं, त्याचं.

चित्रकार गिऱ्हाइकाविना चित्र काढू शकतो, कवी प्रकाशकाविना कविता लिहू शकतो. आर्किटेक्टला ती सोय नाही. कुणीतरी जमीन द्यावी लागते, पैसा द्यावा लागतो आणि आराखडा पाहून घाबरून न जाण्याइतकी छाती ठेवावी लागते. १९६० ते १९९० या तीसेक वर्षांत कॅनडात सार्वजनिक वास्तुकलेला जो बहर आला, त्याचं निम्मं श्रेय मी काम सांगणाऱ्यांना देतो, म्हणजे प्रांतिक सरकारांना, विद्यापीठांना, एखाद्या पाद्र्याला, पैसे जमवणाऱ्या एखाद्या समाजाला. आणि त्या बहराची आज जी पडझड चालली आहे, तिचा दोषही बहुतांशी त्याच खात्यावर टाकावा लागतो. आर्किटेक्टची प्रतिभा एकाएकी आटलेली नाही. मागणारा बदलला आहे.

सायमन फ्रेझर विद्यापीठाची गोष्ट घ्या. १९६३ साली ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं व्हँकुव्हरजवळच्या बर्नाबी डोंगरावर नवं विद्यापीठ काढायचं ठरवलं आणि ते काम गॉर्डन श्रम या पदार्थविज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकावर सोपवलं. श्रम हा कामाचा झपाटा असलेला माणूस. सप्टेंबर १९६५ मध्ये वर्ग सुरू झालेच पाहिजेत, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. हाताशी दोन-सव्वादोन वर्षं, जागा म्हणजे ओसाड डोंगरमाथा. अशा घाईत कुठलंही सरकार ओळखीच्या मोठ्या कचेरीला काम देऊन मोकळं झालं असतं. श्रम यांनी प्रांतातल्या आर्किटेक्टसाठी खुली स्पर्धा लावली. जिंकले एरिक्सन आणि त्यांचे भागीदार जेफ्री मॅसी. एरिक्सन तेव्हा ३९ वर्षांचे, विद्यापीठात शिकवणारे, नावावर मुख्यतः घरं. एवढं मोठं काम दोघांनीही कधी केलेलं नव्हतं.

त्यांनी काय केलं हे पाहण्यासारखं आहे. प्रत्येक विद्याशाखेला वेगळी इमारत आणि मध्ये हिरवळ, ही त्या काळची रुळलेली पद्धत त्यांनी सोडून दिली. डोंगराच्या कण्यावरून एकच लांब वस्ती ओढत नेली. ती उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बसते आणि मनोरा होऊन उभी राहत नाही. तिच्या मध्यावर एक भलामोठा मंडप आहे. पोलाद, लाकूड आणि काच यांचं छप्पर, खाली उघडी हवा. त्या डोंगरावर पाऊस जवळजवळ मुक्कामालाच असतो. इकडच्या वर्गातून तिकडच्या ग्रंथालयात जाणाऱ्या प्रत्येकाला या छपराखालून जावं लागतं, म्हणून इतिहासाचा विद्यार्थी आणि रसायनशास्त्राचा विद्यार्थी एकमेकांवर आदळतात. विद्येच्या शाखा वेगळ्या राहू नयेत, हे तत्त्व भाषणात सांगायला सोपं आहे. इथे ते भिजू नये म्हणून धावणाऱ्या माणसाच्या वाटेतच बसवलं आहे. स्पर्धेतल्या बाकी चार विजेत्यांनाही त्याच एका आराखड्याच्या चौकटीत एकेक इमारत दिली गेली. ९ सप्टेंबर १९६५ ला विद्यापीठ सुरू झालं. श्रम यांच्याविना एरिक्सन यांना हे करता आलं नसतं, आणि एरिक्सन यांच्याविना श्रम यांच्या हाती वेळेवर पुरी झालेली एक सामान्य इमारत आली असती.

याच एरिक्सन यांच्याकडे पुढे व्हँकुव्हरच्या ऐन मध्यावरचं रॉबसन स्क्वेअरचं काम आलं. आधीच्या प्रांत सरकारला तिथे पन्नासाहून जास्त मजल्यांचा सरकारी मनोरा हवा होता. १९७२ च्या निवडणुकीत सत्ता पालटली आणि डेव्ह बॅरेट यांच्या सरकारनं तो बेत रद्द केला. एरिक्सन यांनी तो मनोरा जणू आडवा झोपवला. तीन चौकांच्या लांबीवर कचेऱ्या, न्यायालयं, वर बागा, पायऱ्यांवरून वाहतं पाणी. बागांची रचना कॉर्नेलिया ओबरलँडर यांची. नाझी जर्मनीतून निसटून आलेली ही बाई कॅनडातल्या भूदृश्यरचनेची खरी शिल्पकार आहे, आणि तिचं नाव याद्यांमधून नेहमी गळतं. रॉबसन स्क्वेअरच्या रुंद पायऱ्यांमधून तिरका चढत जाणारा उतार चाकाच्या खुर्चीला सोयीचा म्हणून काढला होता. पुढे त्याच्या चढावर आणि कठडे नसण्यावर टीका झाली, आणि ती रास्त होती. पण कोर्टाच्या आवारात लोकांनी डबा खात बसावं, असं एखाद्या सरकारला वाटलं, ही गोष्ट मला मनोऱ्याच्या उंचीपेक्षा फार मोठी वाटते. बॅरेट यांचं सरकार तीन वर्षांतच गेलं. चौक राहिला.

आता मोरियामा. माझ्या मते या सगळ्या कहाणीचा गाभा त्यांच्या आयुष्यात आहे. १९२९ साली व्हँकुव्हरमध्ये जन्म, आईवडील जपानी वंशाचे. लहानपणी अंगावर उकळतं सांडून भाजले, पाठीवर-हातावर व्रण राहिले. १९४२ मध्ये कॅनडा सरकारनं पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे २२,००० जपानी वंशाच्या माणसांना घरादारातून उठवून आतल्या भागातल्या छावण्यांत टाकलं. त्यातले बहुतेक कॅनडाचेच नागरिक होते. विरोध करणाऱ्या वडिलांना दूर ऑन्टारियोतल्या युद्धकैद्यांच्या तळावर पाठवलं. आई आणि बहिणींबरोबर रेमंड स्लोकन इथल्या छावणीत. सार्वजनिक न्हाणीघरात पोरं व्रण पाहून हिणवायची, म्हणून तो चोरून नदीवर अंघोळीला जाऊ लागला. कुणी येतंय का हे दिसावं म्हणून त्यानं एका झाडावर मचाण बांधलं. हाताशी कुऱ्हाड, जुनी करवत, हातोडा, दोर आणि मोजके खिळे. ही त्याची पहिली वास्तू. झाडाला इजा न करता झाडाच्याच आधारानं कसं उभं राहायचं, हा धडा त्याला तिथे मिळाला, असं ते पुढे आयुष्यभर सांगत.

आणि १९६४ साली, म्हणजे छावणीनंतर पुरती वीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा, ऑन्टारियो सरकारनं देशाच्या शताब्दीनिमित्त विज्ञान केंद्र बांधण्याचं काम याच माणसाला दिलं. तेव्हा मोरियामा पस्तिशीचे. जागा डॉन नदीच्या खोल घळीच्या काठावर. बुलडोझर लावून ती सपाट करणं सहज शक्य होतं. त्यांनी इमारतीचे तीन तुकडे केले आणि ते पुलानं आणि सरकत्या जिन्यांनी जोडत घळीत उतरवले. माणूस वरच्या रस्त्यावरून आत शिरायचा, झाडांच्या शेंड्यांमधून पूल ओलांडायचा, मग काचेतून रान पाहत पाहत एकेक टप्पा खाली नदीच्या पातळीला जायचा. सप्टेंबर १९६९ मध्ये केंद्र उघडलं. काचेच्या पेटीत ठेवलेल्या वस्तूंऐवजी हात लावून, फिरवून, दाबून पाहण्याची यंत्रं ठेवणारं ते जगातल्या पहिल्या काही केंद्रांपैकी एक. टोरांटोच्या दोन-तीन पिढ्यांनी विजेनं केस उभे राहण्याचा अनुभव तिथेच घेतला.

ज्या राज्यसंस्थेनं त्याला छावणीत डांबलं, तिनंच त्याला मुलांसाठी इमारत सांगितली. याला मी सरकारचा मोठेपणा म्हणणार नाही. केलेल्या अन्यायाची अधिकृत माफी यायला १९८८ उजाडलं. पण काम सांगताना त्या लोकांनी आडनाव पाहिलं नाही, हेही तितकंच खरं. शिवाय मोरियामांवर सरकारच्याही आधी विश्वास टाकला होता त्यांच्याच समाजानं. टोरांटोत जपानी-कॅनेडियन सांस्कृतिक केंद्र बांधायला पैसा नव्हता, तेव्हा ७५ कुटुंबांनी आपली घरं गहाण टाकली. छावणीनं सर्वस्व हिरावलेल्या माणसांनी वीस वर्षांत पै-पै जोडून घेतलेली घरं! त्या पैशातून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वायनफर्ड ड्राइव्हवर ते केंद्र उभं राहिलं. तरुण आर्किटेक्टला याहून मोठं काम कुठलं मिळणार?

सफदींची गोष्ट उलट्या बाजूनं तेच सांगते. हैफात जन्मलेला, पंधराव्या वर्षी मॉन्ट्रियलला आलेला हा मुलगा. मॅकगिल विद्यापीठातला त्याचा १९६१ चा प्रबंधच हॅबिटॅट या घरसंकुलाचं बीज ठरला. दाट शहरात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला स्वतःची बाग आणि मोकळं आकाश मिळालं पाहिजे, हे त्याचं म्हणणं. काँक्रीटच्या खोल्या कारखान्यात ओतायच्या, क्रेननं उचलून एकमेकींवर सरकवून ठेवायच्या, म्हणजे खालच्याचं छप्पर वरच्याची गच्ची होते. मूळ योजना हजाराहून जास्त घरांची, शाळा-दुकानांसकट. केंद्र सरकारनं १९६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी ती मान्य केली, पण कापून. बांधली गेली ३५४ पेट्यांची १५८ घरं. कारखाना, साचे, क्रेन यांचा खर्च घरं हजार असोत की दीडशे, फारसा कमी होत नाही. साहजिकच दर घरामागचा आकडा फुगला आणि मग सगळे म्हणू लागले, कल्पना सुंदर पण परवडत नाही. आज ती घरं श्रीमंतांची आहेत. सफदींच्या मूळ गणितातही भाबडेपणा होता, हे मान्य करायला हवं. ते जड काँक्रीट, त्यातली पोलादी ताणदोरांची बांधणी स्वस्त कधीच होणार नव्हती. पण प्रयोग पुरता करून तो फसला असता तर निकाल मान्य करता आला असता. प्रयोगाचा लहानसा हिस्सा करायचा आणि निकाल पूर्ण प्रयोगावर द्यायचा, हा अन्याय आहे. अर्धा विश्वास हा नकाराहून महाग पडतो.

गरिबांच्या घरांबद्दल कॅनडाचं जे काम मला हॅबिटॅटहून मोलाचं वाटतं, त्याचं चित्र कुठल्या पोस्टकार्डावर छापलेलं नाही. त्याच मॅकगिलमध्ये १९७१ पासून किमान खर्चातल्या घरांचा अभ्यास करणारा एक गट होता. विटोल्ड रिबचिन्स्की, विक्रम भट्ट ही त्यातली नावं. या मंडळींनी १९८० च्या दशकात बाळकृष्ण दोशींच्या वास्तुशिल्प फाउंडेशनबरोबर इंदूरच्या झोपडवस्त्या मोजल्या. ओटा किती रुंद असतो, चूल कुठे असते, झाडाखाली कोण बसतं, गल्लीत दुकान कसं थाटलं जातं, हे सगळं रेखाटनांसह नोंदवलं. गरीब माणूस स्वतः कसं बांधतो हे आधी शिकून घ्या आणि मग त्याच्यासाठी आराखडा काढा, एवढं साधं त्यांचं म्हणणं. पुण्यात जन्मलेल्या दोशींनी इंदूरला अरण्य वसाहत आखली, तिच्या मुळाशी हा अभ्यास आहे. जोतं, पाणी, संडास तयार द्यायचे आणि उरलेलं घर कुटुंबानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. १९९५ मध्ये अरण्यला आगाखान पुरस्कार मिळाला. इथे मागणाऱ्याची जागा खुद्द झोपडीत राहणाऱ्याला दिली गेली होती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. सरकार हे इतकं चांगलं गिऱ्हाईक होतं, तर निवासी शाळा कुणी बांधल्या? मूळनिवासींची मुलं आईबापांपासून तोडून ज्या इमारतींत कोंबली, त्यांचेही नकाशे, निविदा, मंजुरी सगळं सरकारी कागदावरच झालेलं आहे. हे खरं आहे, आणि डग्लस कार्डिनल त्याचे साक्षीदार आहेत. १९३४ साली कॅल्गरीत जन्मलेल्या, मूळनिवासी रक्ताचा वारसा असलेल्या या माणसाला लहानपणी चर्चच्या अशाच निवासी शाळेत राहावं लागलं. पुढे त्यांच्या इमारतींमध्ये सरळ भिंत आणि काटकोन जवळपास नाहीसे झाले, याचं नवल वाटत नाही. रेड डीअर गावात वर्नर मर्क्स नावाच्या पाद्र्यानं त्यांना चर्च सांगितलं. १९६८ साली पुरं झालेलं ते विटांचं वळणदार देऊळ. त्याच्या झोळदार छपराचं गणित हातानं सुटेना म्हणून त्या काळात संगणकावर सोडवलं गेलं.

१९८२ मध्ये केंद्र सरकारनं दोन राष्ट्रीय संग्रहालयांसाठी महामंडळ नेमलं, त्याच्या प्रमुख होत्या कलाइतिहासकार जीन सदरलँड बॉग्ज. पुढच्या वर्षी निवड झाली: राष्ट्रीय कलादालन सफदींकडे, मानवसंस्कृतीचं संग्रहालय कार्डिनल यांच्याकडे. ते संग्रहालय १९८९ मध्ये आजच्या गॅटिनोत, नदीच्या काठावर, थेट संसद भवनासमोर उघडलं. मॅनिटोबाच्या चुनखडीच्या लाटांसारख्या भिंती, आत पश्चिम किनाऱ्याच्या गणस्तंभांची, म्हणजे टोटेम पोलची, रांग. खर्च खूप वाढला, कुरबुरीही खूप झाल्या. पण संसदेच्या खिडकीतून रोज दिसेल अशा जागी, ज्यांची भाषा पुसायला सरकार निघालं होतं त्यांच्यातल्याच एकाची वास्तू उभी राहिली. आक्षेपाचं उत्तर म्हणून हे पुरेसं नाही. पण यावरून एवढं दिसतं, की मागणारा कोण आहे आणि काय मागतो आहे यावर त्याच खजिन्यातून तुरुंग निघतो की संग्रहालय, हे ठरतं. म्हणून तर मागणाऱ्याची चर्चा व्हायला हवी.

बांधून घेणं हे मागणाऱ्याचं पहिलं काम. दुसरं, आणि जास्त चिवट, काम म्हणजे सांभाळणं. जून २०२४ या एका महिन्यात कॅनडानं या दुसऱ्या परीक्षेची दोन्ही उत्तरं लिहिली. व्हँकुव्हरला एरिक्सन यांचं मानववंशशास्त्र संग्रहालय आहे, १९७६ चं. किनाऱ्यावरच्या मूळनिवासींच्या खांब-तुळईच्या घरांवरून घेतलेल्या काँक्रीटच्या कमानी क्रमानं उंच होत जातात आणि मधल्या काचांतून समुद्राकडचा उजेड गणस्तंभांवर पडतो. भूकंपात हे मोठं दालन टिकणार नाही असं लक्षात आल्यावर संग्रहालय चालवणाऱ्या विद्यापीठानं ते पाडलं आणि होतं तसंच पुन्हा उभारलं. या वेळी जमिनीचा धक्का वर पोहोचू नये अशी यंत्रणा पायाशी बसवली. एरिक्सन यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेल्या निक मिल्कोविच यांच्या कचेरीकडे ते काम होतं. दीड वर्ष बंद राहून संग्रहालय जूनच्या मध्यात उघडलं.

२१ जूनला टोरांटोत मोरियामांचं विज्ञान केंद्र बंद झालं. एका दिवसात कुंपण लागलं. कारण असं दिलं, की छपरातले हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे काही पत्रे धोकादायक झाले आहेत. धोका खोटा नव्हता. पण अभियंत्यांच्या अहवालात सर्वांत खराब पत्र्यांचा बंदोबस्त ३१ ऑक्टोबरपर्यंत करावा असं म्हटलं होतं, आणि दुरुस्तीचे मार्गही दिले होते. मोरियामांच्या कचेरीनं फुकट काम करण्याची तयारी दाखवली. सरकारनं ती घेतली नाही. केंद्र तळ्याकाठच्या ऑन्टारियो प्लेसमध्ये हलवायचं, हे त्यानं २०२३ च्या एप्रिलमध्येच जाहीर केलं होतं. दोन इमारती जोडणारा तो पूल तर २०२२ पासून बंदच होता, लोकांना बसनं खाली नेत होते. वर्षानुवर्षं दुरुस्तीला पैसे द्यायचे नाहीत आणि मग दुरुस्तीपलीकडे गेली म्हणून इमारत सोडायची, ही पद्धत जगात सगळीकडे सारखी आहे. मोरियामा सप्टेंबर २०२३ मध्ये वारले.

विज्ञान केंद्रापासून चालत जाता येईल अशा अंतरावर वायनफर्ड ड्राइव्ह आहे. तिथे २०१४ साली इस्माइली केंद्र उघडलं. आर्किटेक्ट आपले चार्ल्स कोरिया, मुंबईत आयुष्य घालवलेले, मूळचे गोव्याचे. त्यांच्या जोडीला स्थानिक आर्किटेक्ट म्हणून मोरियामा आणि तेशिमा यांची कचेरी होती. प्रार्थनागृहावरचा दुधी काचेचा घुमट रात्री आतून उजळतो. पण त्या आवारात पूर्वी पार्किन यांच्या कचेरीनं १९६० च्या दशकात बांधलेलं बाटा कंपनीचं मुख्यालय होतं, कॅनडाच्या आधुनिक वास्तुकलेतलं एक उत्तम काम. ते २००७ मध्ये पाडलं. उत्तम इमारतीसाठी उत्तम इमारत पाडण्याचा सौदा मला पटत नाही. आणि कोरियांच्या स्वतःच्या कामाचं काय झालं? पणजीच्या कला अकादमीत नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं. मांडवी नदीकाठी तशी दुसरी जागा गोव्यात नाही, हे तिथल्या नाटकवाल्यांना कुणी सांगायला नको.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या शहरात नाट्यगृह, ग्रंथालय, न्यायालय, संग्रहालय बांधायचं ठरलं, की भूमिपूजनाच्या बातमीवर थांबू नका. आराखड्यासाठी खुली स्पर्धा झाली का, परीक्षक कोण होते, हे महापालिकेला विचारा. बांधकामाच्या रकमेशेजारी पुढच्या तीस वर्षांच्या देखभालीची रक्कम लिहिली आहे का, हे पाहा. नसेल तर ती लिहून मागा, माहितीचा अधिकार वापरून मागा, आणि दर अंदाजपत्रकाच्या वेळी पुन्हा मागा.